बोल्ट थकून तुटला की हायड्रोजनने?

शिरोली एमआयडीसीतल्या एका तरुण कारखानदाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका साखर कारखान्याच्या ऊस कॅरियरसाठी त्यांनी गिअरबॉक्सचं कपलिंग, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग, बनवून दिलं. त्याच्या फ्लँजला, म्हणजे बोल्ट बसतात त्या चकतीला, पूर्वी ८.८ ग्रेडचे एम १६ (१६ मिलिमीटर व्यासाचे) बोल्ट होते. ग्रेडचा आकडा मोठा तितका बोल्ट ताकदवान आणि कडक. ते तुटायला लागले म्हणून त्यांनी १२.९ ग्रेडचे, पिवळं झिंक केलेले बोल्ट बसवले. आवळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅरियर अजून सुरूही झाला नव्हता, तेव्हा एका बोल्टचं डोकं खाली पडलेलं सापडलं. गाळप सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी आणखी दोन गेले. लॅबने पहिल्या बोल्टवर ‘हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट’ (आत शिरलेल्या हायड्रोजनने आलेला ठिसूळपणा) असा शेरा मारला आणि बाकी दोघांवर ‘फटीग’ (भार पुन्हापुन्हा बदलून धातू थकणं). रिपोर्टच्या तळाशी एक ओळ आहे: ‘आट्यांच्या मुळाशी सूक्ष्म चिरा आढळल्या.’ प्लेटिंगवाला म्हणतो माल खराब, बोल्टवाला म्हणतो तुम्ही पाना जास्त ओढला. खरं कोणाचं, आणि त्या शेवटच्या ओळीला किती महत्त्व द्यायचं?

माझ्या मते रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. तिन्ही बोल्ट एकाच दुखण्याने गेलेत असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. पहिल्यात ते दुखणं एका रात्रीत शेवटाला गेलं. बाकी दोघांत अर्ध्यावर थांबलं आणि उरलेलं काम फटीगने केलं. ‘हायड्रोजन की फटीग’ असा सामना लावून बसलात तर प्लेटिंगवाला आणि बोल्टवाला एकमेकांकडे बोट दाखवत राहतील आणि पुढचा लॉटही असाच येईल.

आधी त्या सूक्ष्म चिरांबद्दल बोलू, कारण इथे आपली कोल्हापूरची सवय आड येते. आपण ओतकामात वाढलेली माणसं. उद्यमनगरच्या ऑइल इंजिनांपासून आजच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांपर्यंत आपला हात ग्रे कास्ट आयर्नवर बसलेला आहे. ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइटच्या पाकळ्या जन्मापासूनच असतात, आणि धातूच्या दृष्टीने प्रत्येक पाकळी म्हणजे एक तयार चीर. तिथे वरून आणखी एक बारीक ओरखडा पडला तर फटीगच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘एवढ्याशा चऱ्याने काय होतंय’ हे वाक्य आपल्या तोंडी सहज येतं. कास्ट आयर्नपुरतं ते बरोबरही आहे. पण ४०० व्हिकर्सच्या (व्हिकर्स हे कडकपणाचं माप) स्टीलला तोच न्याय लावला की घात होतो.

क्यूशू विद्यापीठाचे युकिताका मुराकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यासाठी एक सुटसुटीत सूत्र मांडलं. वर्कशॉपमध्ये कॅल्क्युलेटरवर करता येईल असं आहे, म्हणून सांगतो. पृष्ठभागावरच्या दोषाचं, ताणाच्या दिशेने पाहिल्यावर दिसणारं, क्षेत्रफळ घ्या आणि त्याचं वर्गमूळ मायक्रॉनमध्ये काढा. व्हिकर्स कडकपणात १२० मिळवा, १.४३ ने गुणा, आणि त्या वर्गमुळाच्या सहाव्या मुळाने भागा. उत्तर येतं ते मेगापास्कलमध्ये फटीग लिमिट, म्हणजे ज्याच्या खाली कितीही फेरे झाले तरी तुकडा तुटत नाही तो ताण, आणि तोही ताण आणि दाब समसमान असताना. लांबट, उथळ चऱ्यासाठी क्षेत्रफळाचं वर्गमूळ म्हणजे खोलीच्या साधारण ३.१६ पट धरायचं.

आता ०.०३ मिलिमीटर खोल चरा घ्या. नखाला जेमतेम लागेल एवढा. वर्गमूळ येतं ९५ मायक्रॉन. २५० व्हिकर्सच्या, म्हणजे ८.८ च्या खालच्या टोकाच्या, स्टीलचं निर्दोष फटीग लिमिट कडकपणाच्या १.६ पट धरून ४०० मेगापास्कल असायला हवं. या चऱ्याने ते २५० च्या आसपास येतं. १२.९ चं स्टील ४०० व्हिकर्सचं धरलं तर निर्दोष आकडा ६४०, आणि त्याच चऱ्याने तो ३५० वर येतो. कडकपणा ६० टक्के वाढवला, पण चरा पडलेल्या मालात हातात फायदा पडला ४० टक्के. स्टील जितकं कडक तितकं ते बारीक दोषाला जास्त घाबरतं. ५०० व्हिकर्सच्या वर गेलात तर चराही लागत नाही. आतला वीस मायक्रॉनचा ॲल्युमिनाचा कणसुद्धा फटीगची सुरुवात करायला पुरतो, आणि बेअरिंग किंवा स्प्रिंगमध्ये तुटलेल्या तोंडावर त्या कणाभोवती गोल डोळा दिसतो तो याचाच.

बोल्टच्या बाबतीत तर हाही फायदा उरत नाही, कारण आट्याचं मूळ हीच एक मोठी खाच आहे. जर्मन व्हीडीआय २२३० मार्गदर्शिकेत, आटे रोल करून (कापून नव्हे, दाबून पाडून) मग हार्डनिंग केलेल्या बोल्टसाठी, बदलत्या ताणाची मर्यादा काढायचं सूत्र आहे: १५० भागिले व्यास, त्यात ४५ मिळवा, ०.८५ ने गुणा. एम १६ साठी सुमारे ४६ मेगापास्कल. या सूत्रात ग्रेड कुठेच येत नाही. ८.८ घाला, १०.९ घाला की १२.९ घाला, आकडा तोच. वरच्या ग्रेडचा खरा उपयोग एवढाच की जास्त जोराने आवळता येतो, आणि नीट आवळलेल्या जोडात बाहेरच्या बदलत्या भाराचा थोडाच वाटा बोल्टपर्यंत पोहोचतो. तुम्ही ग्रेड बदलला, पण टॉर्क (आवळायचा जोर) जुन्याच बोल्टचा ठेवला असेल तर पैसे वाया गेले, आणि वर हायड्रोजनची आफत ओढवून घेतली. आपल्याकडे हे सर्रास चालतं. बोल्ट तुटला की ‘वरचा ग्रेड घाल’, का तुटला हे कोणी विचारत नाही.

इथे फटीगबद्दलचा एक समज दुरुस्त करायला हवा, त्याशिवाय हायड्रोजनची भूमिका कळणार नाही. फटीग लिमिटच्या खाली चीर पडतच नाही असं पुष्कळ जण धरून चालतात. प्रत्यक्षात चीर पडते. धातू ज्या बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो त्यातल्या एखाद्या कणाच्या रुंदीएवढी वाढते, पुढच्या कणाच्या सीमेवर अडते आणि तिथेच राहते. फटीग लिमिट म्हणजे चीर पडूनही थांबते अशी भाराची मर्यादा. लांब चिरांसाठी पुस्तकात दिलेला थ्रेशहोल्ड (ज्याच्या खाली चीर वाढत नाही ती मर्यादा) या बारीक चिरांना लावायचा नसतो. लांब चिरेच्या मागे ताणून दबलेल्या धातूचा पट्टा तयार झालेला असतो. तो चिरेची तोंडं लवकर मिटवतो आणि तिचा वेग कमी करतो. नव्या, बारीक चिरेमागे असं काही नसतं. म्हणून ती पुस्तकी मर्यादेच्या खालच्या भारालाही पुढे सरकते. जपानच्या कितागावा आणि ताकाहाशी यांनी १९७६ मध्ये चिरेचा आकार आणि सहन होणारा ताण एका आलेखावर मांडला, तेव्हापासून ही गोष्ट डिझाइनवाल्यांच्या डोळ्यांसमोर आहे. वर्कशॉपपर्यंत ती अजून पुरती उतरलेली नाही.

या ‘थांबण्या’तच हायड्रोजन हात घालतो.

हायड्रोजनचा अणू लोखंडाच्या अणूंच्या जाळीतून साध्या तापमानालाही फिरतो. हार्डनिंग-टेंपरिंग केलेल्या (तापवून एकदम थंड केलेल्या आणि ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवलेल्या) स्टीलमध्ये त्याचा वेग असा की एका दिवसात तो मिलिमीटर ते तीन मिलिमीटर अंतर कापू शकतो. आणि तो कुठेही भटकत नाही. जिथे जाळी ताणून मोकळी झालेली असते, म्हणजे चिरेच्या टोकाशी, आट्याच्या मुळाशी, डोक्याखालच्या गोलाईत, तिकडे तो गुळाला मुंगळे लागावेत तसा जमतो. सगळ्या बोल्टमध्ये मिळून दहा लाखांत एखादा भाग इतकाच हायड्रोजन असला तरी त्या टोकाशी तो कितीतरी दाट होतो. तिथे तो कणांच्या सीमांची पकड सैल करतो आणि धातूची घसरण एका अरुंद पट्ट्यात कोंडतो. यातलं मुख्य कारण कोणतं यावर तज्ज्ञांचा वाद जुना आहे. आपल्या कामापुरतं एवढं पुरे की जी चीर कणाच्या सीमेवर अडायला हवी होती, तिला तीच सीमा पुढचा रस्ता होते.

तुमचा पहिला बोल्ट रात्रीत का तुटला हे यातून कळतं. आवळताना तो सहज टिकला, कारण हायड्रोजन तेव्हा सगळीकडे विखुरलेला होता. त्याला गोळा व्हायला तास लागले. जास्त आवळल्यामुळे तुटणारा बोल्ट पाना हातात असतानाच तुटतो, आणि त्याआधी मान बारीक होऊन लांबतो. रात्री कोणी हात न लावता डोकं पडलं असेल, तर बोल्टवाल्याचं ‘जास्त आवळलं’ हे म्हणणं टिकत नाही.

बाकी दोघांचं काय? मला वाटतं त्यांच्यातही सुरुवातीच्या दिवसांत हायड्रोजनने आट्याच्या मुळाशी कणांच्या सीमेवरून चीर पाडली, पण बोल्ट थोडे कमी आवळले गेले होते किंवा त्यांच्यात हायड्रोजन कमी होता, म्हणून ती थांबली. मग गाळप सुरू झालं. कपलिंगचं अलाइनमेंट तंतोतंत नसेल तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला बोल्ट एकदा वाकतो. मिनिटाला दहा फेरे आणि दीडशे दिवसांचा हंगाम धरला तर सुमारे साडेएकवीस लाख वेळा. तयार चीर असलेल्या बोल्टला एवढे लागत नाहीत.

हा वेगाचा मुद्दा जरा लक्षात घ्या, कारण बोल्टवाला तुम्हाला फटीग टेस्टचं सर्टिफिकेट दाखवेल. टेस्टिंग मशीन सेकंदाला तीस फेरे मारतं, म्हणजे तुमचा पूर्ण हंगाम वीस तासांत. तिथे प्रत्येक फेऱ्यात हायड्रोजनला चिरेच्या टोकापर्यंत यायला वेळच मिळत नाही. तुमच्या शाफ्टला एका फेऱ्याला सहा सेकंद लागतात. हायड्रोजन असताना हळू फेऱ्यात चीर दर फेऱ्याला जास्त वाढते. तेव्हा वेगाने केलेली, कोरड्या हवेतली टेस्ट पास झाली म्हणून ऊस कॅरियरवरचा बोल्ट सुरक्षित, असं धरता येत नाही.

आता हायड्रोजन आला कुठून. ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ मध्येच लिहून ठेवलं की ॲसिडमध्ये बुडवलेली लोखंडी आणि पोलादी तार ठिसूळ होते, आणि ताज्या तुटलेल्या तोंडावर ओल लावली की बुडबुडे येतात. आपल्या प्लेटिंग लाइनवर हायड्रोजन दोनदा आत जातो. एकदा हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत गंज-पपडी काढताना, आणि पुन्हा करंट चालू केल्यावर, कारण बोल्ट कॅथोड (करंटचं ऋण टोक) असतो आणि झिंकबरोबर थोडा हायड्रोजनही तिथेच सुटतो. पपडी जाड म्हणून पोरं बोल्ट ॲसिडमध्ये जेवणाची सुट्टी होईपर्यंत तसेच ठेवतात, हे मी अनेक शॉपमध्ये पाहिलंय. त्यानंतर वर बसलेला झिंकचा थर हायड्रोजनला बाहेर पडू देत नाही.

उपाय म्हणून बेकिंग सांगितलं जातं: प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंश सेल्सिअसला भट्टीत घालायचं आणि कडक मालासाठी पुष्कळ तास, गरज पडल्यास चोवीस तासांपर्यंत, ठेवायचं. इथे एक बारकावा आहे, आणि तो तुम्ही स्वतः तपासू शकता. पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकवरचा गंज रोखणारा पातळ थर, ७० अंशांच्या आसपासच्या उष्णतेलाही टिकत नाही. रंग मरतो, थर तडकतो, गंज लवकर येतो. म्हणून योग्य क्रम म्हणजे आधी झिंक, मग बेकिंग, मग पुन्हा हलकं ॲक्टिव्हेशन, आणि शेवटी पिवळं. हा क्रम कटकटीचा आहे, भट्टीसाठी माल लाइनवरून उतरवावा लागतो. त्यामुळे काही जण एका दमात पिवळं करून टाकतात आणि चलनावर ‘बेकिंग केले’ असं लिहितात. तुमचे बोल्ट झळझळीत सोनेरी असतील तर प्लेटिंगवाल्याला एवढंच विचारा: बेकिंग पिवळं करण्याच्या आधी केलं की नंतर? ‘नंतर’ असं उत्तर आलं तर एकतर भट्टी गरमच झाली नव्हती किंवा भट्टीत माल गेलाच नव्हता. भट्टीच्या तापमानाचा चार्ट मागा, प्लेटिंग संपल्याची आणि भट्टी सुरू झाल्याची वेळ मागा.

बेकिंग नीट झालं तरी ते रामबाण नाही. झिंकचा थर जाड असेल तर हायड्रोजन बाहेर न जाता आतच दुसरीकडे सरकतो, कार्बाइडभोवती किंवा मॅंगनीज सल्फाइडच्या कडेला अडकून बसतो. शिवाय नंतरही हायड्रोजन येतच राहतो. झिंक खरचटून खालचं स्टील उघडं पडलं आणि ओल मिळाली की झिंक गंजतं आणि त्या उघड्या स्टीलवर हायड्रोजन तयार होतो. तुमचं कपलिंग ऊस कॅरियरवर आहे. कच्च्या रसाचा पीएच पाच-साडेपाच असतो, म्हणजे सौम्य ॲसिडच. हंगाम संपल्यावर पावसाळाभर तो गाडा ओलाव्यात उभा राहतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को-ओकलँड बे ब्रिजवर २०१३ च्या मार्चमध्ये तीन इंच व्यासाच्या ९६ अँकर रॉडपैकी ३२ रॉड ताणल्यानंतर काही दिवसांतच तुटले. ते हॉट डिप गॅल्व्हनाइझ केलेले (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवलेले) होते, आणि ताणण्याआधी अनेक वर्षं पाणी साचणाऱ्या छिद्रांमध्ये उभे होते.

हे सगळं एका आकड्यावर येऊन टेकतं, तो म्हणजे कडकपणा. १०.९ साठी ३२ ते ३९ एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचंच दुसरं माप), १२.९ साठी ३९ ते ४४. प्लेटिंगच्या हायड्रोजनचा खरा धोका ३९ च्या वर सुरू होतो. याचा अर्थ १२.९ ग्रेड सुरू होतो तिथूनच. वर बाजारातला स्वस्त १२.९ बोल्ट पुष्कळदा कमी तापमानाला टेंपर केलेला असतो. स्टॅंडर्डप्रमाणे किमान ४२५ अंश हवेत. कमी टेंपरिंग म्हणजे जास्त कडक आणि जास्त ठिसूळ. तुमच्या शिल्लक बोल्टांपैकी पाच-सहा घ्या, डोक्यावरचं झिंक घासून काढा आणि आजच रॉकवेल मशीनवर ठोकून बघा. ४४ च्या वर आकडा आला तर बोल्टवाल्याशी बोलायला वेगळा पुरावा लागणार नाही.

लॅबला पुन्हा माल पाठवाल तेव्हा नुसतं ‘कारण सांगा’ असं लिहू नका. नेमकं हे मागा: दुसऱ्या आणि तिसऱ्या बोल्टच्या तुटलेल्या तोंडावर जिथून कमानदार रेघा सुरू होतात, त्या उगमापाशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एक-दोन दशांश मिलिमीटरच्या पट्ट्यात सुटे सुटे, पैलूदार कण दिसतात का. दिसले तर चीर हायड्रोजनने सुरू केली आणि फटीगने संपवली, हे नक्की होईल. उगमाशी फक्त आट्याची रोलिंग लॅप (आटे पाडताना धातूची पडलेली घडी) किंवा डायचा चरा दिसला तर बोट बोल्ट बनवणाऱ्याकडे वळेल. आणि कृपा करून तुटलेली दोन टोकं एकमेकांना जुळवून बघू नका, वायर ब्रश मारू नका. तोंडावरचा पुरावा मायक्रॉनमध्ये असतो, एका घासण्यात जातो. तेल लावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, पाठवा.

पुढच्या कपलिंगला काय घालायचं? माझं मत स्पष्ट आहे: १०.९. एम १६ चा ताण घेणारा छेद १५७ चौरस मिलिमीटरचा. प्रूफ लोड, म्हणजे बोल्ट कायमचा न लांबता झेलतो तो भार, १०.९ ला १३० किलोन्यूटन, १२.९ ला १५२. या बावीस किलोन्यूटनसाठी एवढी जोखीम घ्यायचं कारण मला दिसत नाही. जोर कमी पडतोय असं वाटलं तर दोन बोल्ट वाढवा किंवा एम १८ करा. १२.९ घालायचाच असेल तर झिंक प्लेटिंग नको. काळा, तेल लावलेला घ्या, किंवा झिंक फ्लेक कोटिंग (झिंकच्या पापुद्र्यांचा रंगासारखा थर) करून घ्या. त्यात करंट नसतो, आणि सफाई ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टने करून घेता येते. आटे हार्डनिंगनंतर रोल केलेले मिळाले तर फटीगसाठी उत्तम, पैसे जास्त पडतात. टॉर्क रेंच वापरा, आणि कोटिंग बदललं की टॉर्कही बदला, कारण घर्षण बदलतं. अलाइनमेंट डायल लावून तपासा. खरं तर ८.८ चे बोल्ट का तुटत होते याचं उत्तर मला तिथेच मिळेल असं वाटतं.

नवा लॉट आला की एक साधी चाचणी तुमच्याच शॉपमध्ये होते. जाड, समतल, कडक केलेल्या प्लेटमध्ये भोकं पाडा, लॉटमधले काही बोल्ट त्यात यील्डच्या (बोल्ट कायमचा लांबायला लागतो त्या मर्यादेच्या) जवळ आवळा, ४८ तास सोडून द्या, चोवीस तासांनी एकदा पुन्हा टॉर्क लावा. एकही डोकं उडालं तर लॉट परत. ही चाचणी प्लेटिंगनंतर लगेच, एका दिवसाच्या आत सुरू करायची, महिनाभर रॅकवर पडलेल्या मालावर नाही.

राहिला प्रश्न शिल्लक १२.९ चा, ‘आता बेकिंग करून वापरता येतील का’. नाही. इतक्या दिवसांत चिरा पडायच्या त्या पडल्या, आणि भट्टी चीर बुजवत नाही. फ्लँजवर आत्ता जे बसलेत तेही पुढच्या स्टॉपेजला एकेक करून, समोरासमोरच्या क्रमाने बदला. काढलेले सगळे बोल्ट भंगारात देण्याआधी ग्राइंडरने आटे कापून टाका. डोक्यावर १२.९ चा शिक्का असलेला सोनेरी बोल्ट भंगारवाल्याकडून पुन्हा कुणाच्या तरी ट्रॉलीत जाऊन बसतो.